चामटोलीचा पूर : महालक्ष्मी एक्स्प्रेसचे चोवीस तास

२७ जुलै २०१९. पहाटे तीनच्या सुमारास मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या मध्ये, चामटोली गावाजवळ, उल्हास नदीच्या पुरात उभी राहिली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. गाडीत १,०५० प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बायका. बारा तासांनी, दुपारी तीनच्या सुमारास, शेवटचा प्रवासी गाडीतून बाहेर पडला. एकाचाही जीव गेला नाही.

शेवट गोड झाल्यामुळे ही घटना आपल्या लक्षात राहिली ती सुटकेची कहाणी म्हणून. रबरी बोटी, गणवेशातले जवान, डोक्यावर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरे. दिवसभर वाहिन्यांवर हेच दिसत होते. पण गाडी थांबल्यानंतरच्या बारा तासांपेक्षा आधीचे बारा तास अधिक काही सांगतात. आणि ते नीट कळायचे तर थोडे नव्हे, बरेच मागे जावे लागते.

६ कोटी ६० लाख वर्षे आधी

बदलापूरच्या फलाटावरून चंदेरीचा सुळका, तावलीचा डोंगर आणि मलंगगडाची रांग दिसते. हे सगळे डोंगर लाव्ह्याचे आहेत. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून गेला, भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा दगड पसरलेला आहे.

भूभाग पुढे सरकला, तप्त जागा मागे राहिली. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ती आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर जागा होतो. म्हणजे माथेरानचा कडा आणि रियुनियनचे शिखर यांची आई एकच. दोन्हीकडे समुद्रावरून आलेले ढग उभ्या कड्यांना धडकतात आणि तिथेच रिकामे होतात. चोवीस तासांत पडलेल्या पावसाचा जागतिक विक्रम याच रियुनियनवरच्या फॉक-फॉक या ठिकाणच्या नावावर आहे. जानेवारी १९६६ मध्ये, एका चक्रीवादळात, तिथे १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला.

काळ्या कातळाचा एक गुण शेतकऱ्याला ठाऊक असतो. तो पाणी लवकर पोटात घेत नाही. वरची माती भिजून तृप्त झाली की पुढचा प्रत्येक थेंब उताराला लागतो. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या कुशीत, राजमाचीच्या परिसरात उगम पावते. कर्जत, नेरळ, शेलू, वांगणी करत ती बदलापूरला येते, पुढे शहाड-मोहन्यावरून कल्याणच्या खाडीला मिळते. एका बाजूला सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या बाजूला माथेरान-चंदेरीची रांग. दोन छपरांच्या मधल्या पन्हाळीसारखे हे खोरे आहे. दोन्हीकडचे पाणी मध्ये उतरते आणि त्याला वाट एकच, बदलापूरकडे.

१६३ वर्षे आधी

या पन्हाळीतून रेल्वे नेली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने. कल्याणहून खोपोलीच्या दिशेने १८५६ मध्ये गाडी धावू लागली. घाट चढायचा तर पायथ्यापर्यंत सपाट वाट हवी. ती वाट नदीने आधीच करून ठेवली होती. रूळ तिच्या कडेकडेने गेले.

त्यामुळे बदलापूर ते नेरळ हा रेल्वेमार्ग डोंगर आणि नदी यांच्या मध्ये सापडलेला आहे. चंदेरीच्या बाजूने उतरणारे ओहोळ आणि पऱ्हे रुळांखालच्या मोऱ्यांतून पलीकडे नदीला जातात. नदी आपल्या पात्रात असली तर सगळे सुरळीत चालते. ती तुडुंब भरली की ओहोळांचे पाणी घ्यायला तिच्यात जागा उरत नाही. मग मोऱ्यांशी पाणी तुंबते आणि रुळांच्या एका बाजूला डोंगराचे, दुसऱ्या बाजूला नदीचे पाणी उभे राहते. चामटोली, कासगाव या गावांना हे नवे नाही. भातखाचरे पाण्याखाली जाणे, रस्ता बंद होणे, पोरांची शाळा बुडणे हे पावसाळ्यात होतच असते.

१४ वर्षे आधी

२६ जुलै २००५, मंगळवार. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या आकड्यापुढे बाकीचे सगळे झाकोळले. मिठी नदीवर चर्चा झाली, समित्या नेमल्या गेल्या. उल्हासच्या काठी तोच पाऊस झाला, कल्याण, उल्हासनगर, बदलापूर पाण्याखाली गेले, पण त्या नदीचे नाव मुंबईच्या तोंडी आले नाही.

बदलापूरच्या हेंद्रेपाडा, वालिवली भागांतले जुने रहिवासी अजून हात उंच करून दाखवतात, पाणी इथवर होते. मात्र हात दाखवणारे कमी होत गेले आणि ज्यांनी ते पाणी पाहिलेच नाही असे लोक वाढत गेले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबईत, ठाण्यात घर परवडेना म्हणून माणसे इकडे आली. ‘नदीकाठी, निसर्गाच्या सान्निध्यात’ असे वाचून त्यांनी घरे घेतली. जाहिरातीत पात्राचा फोटो असतो तो उन्हाळ्यातला.

२५ दिवस आधी

२ जुलै २०१९. मुंबईत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस, मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून झोपड्यांतली माणसे चिरडली. त्याच रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले आणि खालची वाडी वाहून गेली. महिन्याची सुरुवातच अशी. नंतर पावसाने काही दिवस ओढ दिली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो परत आला, जमीन ओलीच होती.

शुक्रवार, २६ जुलै, दुपारी ३ : १२ तास आधी

तारीख तीच. २६ जुलै म्हटले की मुंबईकर चौदा वर्षांनंतरही खिडकीबाहेर पाहतो. हवामान खात्याचा मुसळधार पावसाचा इशारा होता. पण अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तीन शहरांत पावसाळ्यात इशारा रोजचाच. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीचे कामगार आत शिरले. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये दुकानदारांनी माल आत ओढून वर प्लास्टिक टाकले. बदलापूरच्या बायकांनी दोरीवरचे दमट कपडे पंख्याखाली घेतले.

श्रावण आठवड्यावर आला होता. म्हणजे गटारीचा शनिवार-रविवार. कर्जत, नेरळ, मुरबाड रस्त्याकडच्या रिसॉर्टांत आणि फार्महाऊसांत माणसे येऊ लागली होती. धबधबे पाहायला यायचे तर पाऊस हवाच. ज्या पावसाच्या ओढीने शहर डोंगराकडे चालले होते, तोच पाऊस त्या वेळी नदीतून शहराकडे निघाला होता.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावे आपण एका दमात घेतो, पण पाणी त्यांच्याकडे वेगवेगळ्या वाटांनी येते. अंबरनाथची वालधुनी नदी जवळच्याच काकोळे परिसरातल्या डोंगरांतून निघते. ११ व्या शतकातल्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या पायाशी वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ खाडीला मिळते. तिचा पल्ला छोटा. आभाळ फाटले की तिला तासाभरात पूर येतो आणि पाऊस थांबला की ती उतरते. उल्हासचे तसे नाही. बदलापुरात तिचे पाणी चढते ते कर्जत-खंडाळ्यात आधी पडून गेलेल्या पावसाचे. बदलापुरात पाऊस उघडला तरी नदी वाढतच राहू शकते. वालधुनीचा अनुभव गाठीशी असलेला माणूस उल्हासच्या बाबतीत हमखास चुकतो. तो आभाळाकडे बघून निर्धास्त होतो.

रात्री ८.२० : ६ तास ४० मिनिटे आधी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून १७४११ महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटण्याची ही वेळ. पश्चिम महाराष्ट्राची ही आपली गाडी. रात्री बसायचे, सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापूर. मुंबईत नोकरी करणारे सांगली-साताऱ्याचे लोक, उपचारासाठी आलेले आणि परत निघालेले, अंबाबाईच्या दर्शनाला चाललेली कुटुंबे, माहेरी बाळंतपणाला निघालेल्या लेकी. आठवड्याची अखेर असल्याने गाडी भरलेली.

रात्रीच्या गाडीचा प्रवासी पावसाकडे काचेतून पाहतो आणि डबा उघडतो. पोळी-भाजी, लसणाची चटणी. मग बर्थ उघडून आडवे व्हायचे. पुण्याला गर्दी चढेल तेवढीच जाग. गाडी सुटली याचा अर्थ मार्ग चालू आहे, असे प्रवासी धरून चालतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

रात्री १० : ५ तास आधी

सुरळीत दिवशी या सुमारास महालक्ष्मी कर्जतच्या आसपास असते आणि घाट चढायच्या तयारीत असते. त्या रात्री ती थांबत थांबत चालली होती. उपनगरी गाड्यांचेही तेच. कल्याणच्या पुढे एकेक स्थानक घेत, प्रत्येक सिग्नलशी घुटमळत बदलापूर लोकल सरकत होत्या. शुक्रवारची दमलेली माणसे दारात उभी राहून चिंब झाली होती.

मुंबईपासून बदलापूर ६८ किलोमीटर, वांगणी ७९, कर्जत १००. बदलापूर ते कर्जत हे अंतर केवळ बत्तीस किलोमीटरांचे. गाडीला ते एरवी पाऊण तासही लागत नाही. नदीला काही तास लागतात. पूर येण्याआधी माणसाच्या हाती असतात ते एवढेच तास.

मध्यरात्र : ३ तास आधी

बदलापूरच्या सखल भागांत आता झोप उडाली होती. नदीचे पाणी वस्तीत शिरते तेव्हा आवाज करत नाही. गटारातून, न्हाणीघराच्या मोरीतून ते आधी वर येते. लादीवर ओल दिसते आणि पाहता पाहता घोटा बुडतो. मग पळापळ. तळमजल्यावरचा माणूस आधी धान्याचे डबे माळ्यावर टाकतो, मग कागदपत्रांची पिशवी, मग टीव्ही. फ्रिज आणि गादी उचलायला दोघे लागतात. शेजाऱ्याची गाडी वर काढून ठेवायला हाका मारल्या जातात. वरच्या मजल्यावरची दारे उघडतात आणि जिन्यात म्हातारी माणसे, पोरे, कुत्री, सगळे एकत्र बसतात.

अशा प्रत्येक रात्री बदलापुरात एक बातमी हमखास फिरते, ‘बारवीचे पाणी सोडले.’ औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण जवळ आहे, मोठे आहे, त्यामुळे दोष द्यायला सोयीचे आहे. पण बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या पुढे, कल्याणच्या बाजूला. चामटोली त्या संगमाच्या वरच्या अंगाला आहे. रुळांवर आलेले पाणी कुणी सोडलेले नव्हते. ते कर्जत खोऱ्याचे पाणी होते, आभाळातून पडून नेहमीच्याच वाटेने आलेले.

पहाटे २ : १ तास आधी

आषाढ वद्याचे शेवटचे दिवस. ढगांमुळे चंद्र असून नसल्यासारखा. बदलापूर सोडले की इमारतींचे दिवे मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना शेते लागतात. जुलैअखेर भाताची लावणी उरकलेली असते, खाचरे पाण्याने भरलेली असतात. अंधारात भरलेले खाचर आणि पुराचे पाणी यांत फरक करणे इंजिनात बसलेल्या माणसालाही कठीण. दिव्याच्या झोतात पावसाच्या रेघा दिसतात, रूळ थोड्या अंतरापर्यंत दिसतात, त्यापलीकडे काळोख.

रुळांवर पाणी चढले की गाडीपुढे दोन धोके असतात. विजेच्या इंजिनाच्या मोटरी चाकांजवळ, खाली बसवलेल्या असतात, त्यांत पाणी गेले की इंजिन निकामी होते. दुसरा धोका त्याहून वाईट. वाहत्या पाण्याने रुळांखालची खडी निघून गेली आहे की नाही हे वरून कळत नाही. रूळ जागेवर दिसतो आणि त्याखाली पोकळी असू शकते. म्हणून बुडालेल्या रुळावर गाडी उभी करणे हाच शहाणपणा. पण त्याआधी ती तिथे पोचू देणे हा वेगळा प्रश्न आहे.

शनिवार, २७ जुलै, पहाटे ३ : शून्य तास

गाडी थांबली. रात्रीच्या प्रवासात गाडी थांबणे ही काही बातमी नसते, त्यामुळे बहुतेक जण झोपेतच होते. जाग आली ती हळूहळू. कुणी दारापाशी गेले, पाय पायऱ्यांवर ठेवायला गेले आणि खाली जमीनच नव्हती. मोबाइलचा उजेड टाकला तेव्हा चहूकडे गढूळ पाणी वाहताना दिसले. पुढचा रूळ गेला होता, मागचाही.

सुटल्यापासून जवळजवळ सात तास. या वेळेला गाडी साताऱ्याच्या वाटेवर असायला हवी होती. ती अजून वांगणीलाही पोचली नव्हती.

पहाटे ५ ते ७

उजाडले तसे पाण्याचा अंदाज आला, आणि अंधार बरा होता असे वाटावे इतके ते दृश्य भीतिदायक होते. शेते, बांध, वाटा, सगळे एक झाले होते. पाणी डब्यांच्या पायऱ्यांशी लागले होते. प्यायचे पाणी संपत आलेले. संडास वापरण्याजोगे राहिले नव्हते. फोनच्या बॅटऱ्या खाली चाललेल्या. ज्यांच्या चालू होत्या त्यांनी चित्रफिती काढून पाठवल्या, आणि महाराष्ट्राला चामटोली हे नाव पहिल्यांदा कळले.

सर्वांत आधी पोचले ते गावचे लोक. कोणत्या बांधावर पाऊल टिकेल, कुठे ओढ जास्त आहे, कुठून वळसा घातला तर कमरेच्या वर पाणी लागणार नाही, हे नकाशात नसते. ते त्यांना पायांनी ठाऊक होते. दोर, टायरच्या ट्यूबा, हाताला लागेल ते घेऊन ते आले. रेल्वे सुरक्षा दलाचे आणि पोलिसांचे जवान गाडीपर्यंत पोचले, बिस्किटे आणि पाणी वाटले गेले. नंतर बोटी आल्या तेव्हाही गावकरी जवानांच्या बरोबरीने पाण्यात होते.

सकाळी ८

मध्य रेल्वेने प्रवाशांना आवाहन केले, गाडीतून उतरू नका, गाडी सुरक्षित आहे. संतापलेल्या, भुकेल्या, पाच तास अडकलेल्या माणसाला हे वाक्य चीड आणणारे वाटले असेल. पण त्या दिवशी सर्वांत जास्त जीव वाचवले ते याच सल्ल्याने. शेकडो टनांची गाडी फुटा-दोन फुटांच्या प्रवाहाला दाद देत नाही. माणूस गुडघाभर वाहत्या पाण्यातही उलटा होतो, आणि गढूळ पाण्यात खड्डा, तार, मोरीचे तोंड काहीच दिसत नाही. एका डब्यातून चारजण उतरले असते तर त्यांच्यामागे चाळीस उतरले असते. एक हजार माणसे घाबरलेली असूनही जागेवर बसून राहिली. या घटनेतला सर्वांत मोठा पराक्रम बहुधा हाच, आणि त्याचे चित्रीकरण झाले नाही.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुख्य सचिवांना जातीने लक्ष घालायला सांगितले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, लष्कर आणि हवाई दल यांना पाचारण झाले.

सकाळी १० ते दुपारी १२

आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटी गाडीला भिडल्या. नौदलाची पूर-बचाव पथके आली, त्यांत पाणबुडे होते. नौदलाचे सी किंग हेलिकॉप्टर निघाले, हवाई दलाची एमआय-१७ ही दोन हेलिकॉप्टरे आली. पण ढग खाली उतरलेले, पाऊस चालूच, आणि वर रेल्वेच्या विजेच्या तारा. सुटकेचे काम झाले ते बोटींनी आणि दोरांनी. आधी गरोदर बायका, लहान मुले, म्हातारी माणसे. दारातून बोटीत उतरताना प्रत्येकाला दोघे धरत होते. सामान राहू द्या असे सांगितले जात होते आणि तरी प्रत्येक जण एक पिशवी छातीशी धरून उतरत होता.

त्याच वेळी खोऱ्याच्या खालच्या अंगाला, उल्हासनगरला लागून असलेल्या म्हारळ, वरप, कांबा या गावांतही उल्हास शिरली होती. कल्याण-मुरबाड रस्ता बंद. गटारीसाठी आलेले आणि कामावर निघालेले, दोघेही जिथे उंचवटा मिळाला तिथे अडकून होते. त्यांच्याभोवती कॅमेरे नव्हते. बदलापुरात घरांचे तळमजले गेले होते आणि शनिवारची सुट्टी चिखल उपसण्यात जाणार हे ठरून गेले होते.

दुपारी ३ : १२ तासांनंतर

शेवटचे प्रवासी बाहेर आले. १,०५० पैकी १,०५०. बदलापूरच्या सह्याद्री मंगल कार्यालयात त्यांची सोय केली होती. तिथे जेवण होते, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांसह ३७ डॉक्टरांचे पथक होते. लग्नाच्या पंगतींसाठी बांधलेल्या सभागृहात ओल्या कपड्यांतली अनोळखी माणसे शेजारी शेजारी बसून जेवली. बदलापूरच्या ज्या लोकांनी वाढायला हात लावले त्यांतल्या कित्येकांच्या स्वतःच्या भागात अजून पाणी होते.

पुढे कल्याणहून १९ डब्यांची विशेष गाडी कोल्हापूरसाठी सोडण्यात आली. जे प्रवासी तिने गावी पोचले, त्यांच्यापुढे आठवड्याभरात दुसरा पूर उभा होता. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पंचगंगा आणि कृष्णेने कोल्हापूर-सांगली बुडवली. आणि ४ ऑगस्टला उल्हासनेही परत बदलापूर गाठले.

घटनाक्रमाचा हिशोब

या चोवीस तासांचे दोन भाग आहेत. गाडी थांबल्यानंतरचे बारा तास आपण चांगले निभावले. गाव धावले, जवान आले, प्रवाशांनी धीर सोडला नाही, डॉक्टर वेळेवर पोचले. याबद्दल जेवढे कौतुक झाले ते रास्तच होते.

आधीचे बारा तास आपण वाया घालवले. दुपारपासून खोऱ्यात पाऊस होता. गाडी सुटली तेव्हा होता. दहा वाजता गाडी रखडली होती, म्हणजे मार्गावर अडचण आहे हे कळलेले होते. मध्यरात्री बदलापूरच्या घरांत पाणी होते. तरीही हजार माणसांची गाडी बदलापूरचे सुरक्षित फलाट मागे टाकून नदीकाठच्या अंधारात गेली. बदलापूरला किंवा अंबरनाथला ती अडवून ठेवली असती तर प्रवाशांनी रात्रभर शिव्या दिल्या असत्या, सकाळी चहा घेतला असता आणि या घटनेला नावही मिळाले नसते. टळलेल्या संकटाची बातमी होत नाही, म्हणून ते टाळण्याचा निर्णय घेणाऱ्याला शाबासकीही मिळत नाही. आपल्या यंत्रणांचे सगळे शौर्य सुटकेत दिसते याचे हे एक कारण असावे.

रियुनियन बेटावर चक्रीवादळाचा लाल इशारा लागला की लोकांना घराबाहेर पडायला मनाई असते. शाळा, दुकाने, वाहतूक बंद. वादळ अर्ध्या वाटेत वळून गेले तर एक दिवस फुकट जातो. ते तो जाऊ देतात. आपल्याकडे रेड अलर्ट लागला की मोबाइलवर संदेश पुढे ढकलला जातो आणि माणूस डबा घेऊन लोकल पकडतो. रोजंदारीवर पोट असलेल्याला दुसरा मार्ग नाही, हे खरे. पण लांब पल्ल्याची रात्रीची गाडी तीन-चार तास थांबवायला तेवढी मोठी किंमत पडत नाही.

नदीकाठच्या जमिनीचेही तसेच. पूररेषा दोन असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बदलापुरात या रेषांवरून बिल्डर, रहिवासी आणि सरकारी खाती यांच्यात वाद होत आले आहेत. रेषा आखली की जमिनीचा भाव पडतो, म्हणून ती नकोशी वाटते. पण कागदावरची रेषा मागे सरकवली म्हणून पाणी मागे सरकत नाही. २००५ आणि २०१९ यांच्यात चौदाच वर्षे होती.

शेवटी या खोऱ्यात राहणाऱ्यांना दोन आकडे सांगायचे आहेत. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आहे आणि धोका पातळी १७.५० मीटर. मध्ये एकच मीटर आहे. पावसाळ्यात प्रशासन नदीची पातळी जाहीर करते, ती बातम्यांत येते. सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांबरोबर ती रोज टाका. घर घेताना विक्रेत्याला मजला विचारण्याआधी पूररेषा विचारा. आणि रात्रीच्या गाडीने निघणार असाल तर मुंबईत पाऊस कसा आहे हे न पाहता कर्जतला काय चालले आहे ते पाहा. पाणी तिकडून येते.